मी काय पळून जातोय का?

जुनी गाडी ऑनलाइन विकायला टाकली की पहिला मेसेज ठरलेला असतो, 'लास्ट किती?' अजून 'फर्स्ट'सुद्धा नीट सांगून झालेली नसते. मग दोन-तीन रविवार तपासणीत जातात. घेणारा ओळखीचा मेकॅनिक घेऊन येतो. मेकॅनिक बॉनेट उघडून च्‌ च्‌ करतो, दरवाज्याचं रबर ओढून बघतो आणि 'अ‍ॅक्सिडेंटल वाटतेय' असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणतो. त्या एका वाक्यावर वीस हजार उतरतात.

एवढी बारकाईने तपासणारी माणसं पैशांचा विषय निघाला की अचानक भावुक होतात. 'काका, विश्वास नाही का?' इथून पुढे सगळा व्यवहार विश्वासावर चालतो, आणि तो ठेवायचा असतो फक्त विकणाऱ्याने.

यातला उघड चोर त्यामानाने परवडला. तो 'आर्मीत आहे, पोस्टिंग लांब आहे' म्हणतो, प्रोफाइलला गणवेशातला फोटो लावतो आणि गाडी न बघता, घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य करतो. मराठी माणसाला संशय यायला खरं तर एवढं पुरे. पण तो क्यूआर कोड पाठवून 'स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील' म्हणतो आणि शिकलेसवरलेले लोक पिन टाकतात. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची 'रिक्वेस्ट' पाठवण्याची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली, तरी क्यूआर कोडचा मार्ग चोरांना मोकळाच आहे. फसल्यावर फिरवायचा हेल्पलाइन नंबर 1930. गंमत म्हणजे पैसे न मिळालेल्या विक्रेत्याचे हक्क सांगणारा माल विक्री कायदाही 1930 सालचाच.

तो कायदा सरळ सांगतो की रोखीचा व्यवहार असेल, तर पूर्ण पैसे मिळेपर्यंत विकणारा माल आपल्या ताब्यात ठेवू शकतो. मात्र माल हातात आहे तोवरच हा हक्क. चावी दिली की हक्कही चावीबरोबर गेला.

आणि चावी दिली जातेच. कारण समोरचा चोर नसतो, चांगल्या घरचा असतो. त्याने इसार म्हणून पाच हजार लगेच 'जीपे' केलेले असतात. उरलेल्या रकमेला मात्र विघ्नं फार. यूपीआयची रोजची मर्यादा साधारण एक लाखाची. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यावी, तर प्राप्तिकर खातं रोख घेणाऱ्यालाच, म्हणजे काकांनाच, तेवढाच दंड लावू शकतं. मग राहिलं आरटीजीएस, तर 'आज रविवार ना काका, बँक बंद.' आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, रविवारीही चालतं. पण हे दारात उभ्या माणसाला ऐकवणं आपल्याकडे उद्धटपणात मोडतं. शिवाय काकूंनी तोवर चहा टाकलेला असतो.

शेवटी तो बरेचसे पैसे देतो आणि वीस हजार ठेवतो. 'नाव ट्रान्सफर झालं की लगेच टाकतो. मी काय पळून जातोय का?' हा प्रश्न तो ड्रायव्हिंग सीटवर बसून, पट्टा लावून विचारतो.

काही जण चेक देतात. चेक परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, मग त्याला पैसे भरायला पंधरा दिवस, तरीही नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. वीस हजारांसाठी वकील काय घेतो, हे विचारून बहुतेक काका घरी येतात.

खरी मेख कागदात असते. फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करून ते एजंटाकडे सोपवले की विकणाऱ्याला वाटतं, सुटलो. विक्री आरटीओला चौदा दिवसांत कळवायची जबाबदारी त्याचीच असते. घेणाऱ्याला राज्यातल्या राज्यात तीस दिवस मिळतात, आणि तो ते ऐसपैस घेतो. उत्तरेतली एक गाडी 2007 मध्ये विकली गेली, मग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली, पण नोंद पहिल्याच्याच नावावर. 2009 मध्ये तिच्याखाली एका मुलाचा जीव गेला. गाडीला विमा नव्हता. भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकाची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं. मधल्या सगळ्यांनी आपापले पैसे चुकते केले होते की नाही, हा तिथे प्रश्नच नव्हता.

इकडे काका वीस हजारांसाठी फोन करतात. पहिल्या आठवड्यात 'मीटिंगमध्ये आहे', दुसऱ्यात 'एसीला गॅस भरावा लागला, त्याचे धरा ना', तिसऱ्यात रिंग वाजत राहते. गाडी कुठे आहे हे मात्र काकांना घरबसल्या कळतं, कारण फास्टॅग अजून त्यांच्याच खात्याला जोडलेला आहे. शनिवारी सकाळी खेड शिवापूर, मग आणेवाडी, मग तासवडे. किणी टोलनाक्यावर मात्र मेसेजऐवजी फोन येतो, तोही स्वतःहून.

'काका, जरा फास्टॅग रिचार्ज करा की. मागे लाइन लागलीय.'