खाली आणायचं तेवढं तुमचं

मराठी माणसाला चढाईचं भारी कौतुक. कळसूबाई चढलो, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलो, हे सांगताना छाती फुगते. उतरलो कसे, हे मात्र कुणी सांगत नाही. तो कारभार बहुधा बसून, घसरून, करवंदीच्या जाळ्या धरून उरकलेला असतो. जिममध्येही तोच हिशेब. डंबेल वर जाताना आरशातला चेहरा बघण्यासारखा असतो. एकदा ते वर पोचलं की मालक निवृत्त. पुढे ते न्यूटनच्या जबाबदारीवर खाली येतं.

आमच्या ट्रेनर मुलीला हे अजिबात खपत नाही. "काका, उचलायला मी हात लावते. खाली आणायचं तेवढं तुमचं. चार आकड्यांत." तिचे आकडेही साधे नाहीत. तीन आणि चार यांच्यामध्ये ती शेजारच्या मुलाची पाठ सरळ करते, मोबाइलवरच्या कुणाला तरी "पोचतेच" म्हणून सांगते आणि मग सावकाश "चार" म्हणते. तोवर मी मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा संपवलेला असतो.

जिममध्ये याला निगेटिव्ह मारणं म्हणतात, क्रीडाशास्त्रात एक्सेंट्रिक ट्रेनिंग. स्नायू आखडून वजन उचलतो, तसाच ताणला जात असतानाही वजन सावरतो, आणि या दुसऱ्या कामात त्याची ताकद जास्त असते. जे वजन मला उचलवत नाही, ते मी सावकाश खाली ठेवू शकतो. म्हणजे उचलण्याच्या मापाने वजन घेतलं, तर उतरताना स्नायू पूर्ण पगार घेऊन अर्ध्या दिवसाचंच काम करतो. म्हणून मुरलेल्या खेळाडूंना कधी कधी त्यांच्या कमाल उचलीपेक्षाही जड बार देतात. तो वर न्यायला साथीदार असतात. खाली आणताना खेळाडू एकटा, साथीदार फक्त हात पसरून उभे.

१९५२ साली ॲबट, बिगलँड आणि रिची या शास्त्रज्ञांनी लंडनमध्ये याचा झकास तमाशा करून दाखवला. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकीवर तरुण पुरुष, पुढे पायडल मारणारा. दुसरीवर चणीने लहान तरुणी, उलट्या येणाऱ्या पायडलला नुसती अडवणारी. दोघांवरचा जोर सारखाच. थोड्याच वेळात पुरुष घामाघूम आणि बाई निवांत! कारण स्नायूतले तंतू एकमेकांना धरून ओढतात तेव्हा इंधन जळतं. बाहेरच्या जोराने ती पकड सुटते तेव्हा फारच कमी जळतं. नुसतं अडवून समोरच्याला दमवता येतं, हे आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला शास्त्राआधीच ठाऊक होतं.

खेळाडूला याचा उपयोग काय? खो-खोतला पळणारा पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी देतो, ती वेगाच्या जोरावर नव्हे. भर वेगात पाय रोवून थांबण्याच्या जोरावर. फास्ट बोलरचा पुढचा पाय आपटतो, तेव्हा अख्ख्या रनअपचा धक्का त्या एका मांडीला सोसावा लागतो. उडी मारण्याआधी आपण गुडघे वाकवतो. खाली जाणारं शरीर जितकं झटकन रोखता येईल, तितकी वरची उसळी जोरकस. थांबता आलं तरच उसळता येतं.

धावताना मांडीमागचा हॅमस्ट्रिंग याच कामात दगा देतो: पाय पुढे फेकला जातो आणि तो त्याला आवरायला बघतो. त्यावर नॉर्डिक हॅमस्ट्रिंग नावाचा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, साथीदाराने घोटे दाबून धरायचे आणि न वाकता सावकाश पुढे कलत जायचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, सावकारापुढे साष्टांग चाललंय. पण डेन्मार्कमध्ये ५० फुटबॉल संघांच्या ९४२ खेळाडूंवर हा प्रयोग झाला. २०११ साली निकाल छापून आला: साष्टांग घालणाऱ्यांत हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती, न घालणाऱ्यांत ५२.

फुकट मात्र काही नाही. या व्यायामाची वसुली त्याच दिवशी होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. मांड्या अशा धरतात की कमोडवर बसणं हाही एक एक्सेंट्रिक व्यायाम आहे, हे पटतं. दिलासा इतकाच, की एकदा दुखून घेतलं की पुढच्या वेळी तोच व्यायाम बराच कमी दुखतो.

तैवान-ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तर स्थूल, वयस्क बायकांना बारा आठवडे जिने उतरायला लावलं. दुसऱ्या गटाला चढायला लावलं. ताकद उतरणाऱ्यांची जास्त वाढली. हे वाचल्यापासून मी लिफ्टने वर जातो आणि जिन्याने उतरतो. शेजारी विचारतात, "खाली येताना लिफ्ट बंद असते का हो?"

शेवटी मी सोसायटीला रीतसर अर्ज केला: लिफ्ट एकाच दिशेने वापरतो, सबब वर्गणी निम्मी करावी. सेक्रेटरी निवृत्त विद्युत अभियंता. ते चष्मा पुसत म्हणाले, "लिफ्टच्या मागे काउंटरवेट असतं. रिकाम्या डब्यापेक्षा जड. तुमच्यासारखा एकटा माणूस वर जातो तेव्हा ते वजनच डबा ओढतं, मोटारला कष्ट नाहीत. रिकामा डबा खाली आणताना मोटारला खरा जोर लागतो. तुम्ही वर जाता, लिफ्ट रिकामी खाली येते. वीज तिथेच जळते."

अर्ज फेटाळला गेला. शिवाय 'रिकामी लिफ्ट खाली आणण्याचा आकार' पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आला आहे. सूचक सेक्रेटरी, अनुमोदक माझी बायको.