गुपिताची झेरॉक्स

फिनलंडच्या शाळा बघायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एकच गोष्ट हवी असते, गुपित. ते कुठल्या कपाटात ठेवलंय आणि त्याची झेरॉक्स मिळेल का, एवढंच विचारायला जगभरातून शिष्टमंडळं हेलसिंकीत उतरतात. २००१ च्या डिसेंबरात शाळकरी मुलांच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल लागले, वाचनात हा जेमतेम पंचावन्न लाखांचा देश अव्वल आला आणि वारी सुरू झाली. आपल्या शिक्षकांनी तिकडे जावं की नाही, यावरून दिल्लीत २०२३ च्या जानेवारीत नायब राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांमध्ये चांगलीच जुंपली होती.

साताऱ्याकडचे एक गुरुजी मात्र कोणाचीही न जुंपवता, ऐन थंडीत, एस्पूच्या एका शाळेच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथे पहिली सूचना मिळाली, बूट काढा. तिकडच्या बऱ्याच शाळांत पोरं मोज्यांवरच हिंडतात. दौऱ्याच्या यादीत थर्मल, कानटोपी, हातमोजे सगळं होतं. अंगठ्याशी भोक नसलेले मोजे आणावेत, हे लिहायचं राहिलं होतं.

"केंद्रप्रमुख कधी येतात?" गुरुजींनी मुख्याध्यापिकेला विचारलं. फिनलंडने शाळा तपासणीची पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गुंडाळली आहे. "येऊन काय करतील?" बाईंनी खरोखरच कुतूहलाने विचारलं. टाचण कोणाला दाखवायचं नाही, शेरेबुक नाही, शाळेच्या शेवटी येणारी पदवीपूर्व परीक्षा सोडली तर देशपातळीवर परीक्षाही नाही. प्राथमिकच्या शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते आणि मग त्याच्यावर सोपवून मोकळं व्हायचं. गुरुजींच्या वहीतलं तपासणीचं पान कोरंच राहिलं, कारण रकानेच भरेनात.

पंचेचाळीस मिनिटांचा तास झाला की पंधरा मिनिटांची सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे बाहेर. पारा शून्याखाली दहा, तरी सगळा वर्ग बर्फाच्या ढिगावरून बुडावर घसरत होता. पिवळं जाकीट घातलेले एक शिक्षक शांतपणे बघत उभे. सर्दी झाली तर पालक भांडायला येत नाहीत का? येत नाहीत, 'विल्मा'वर लिहितात. विल्मा ही शाळा आणि घर यांच्यातल्या निरोपांची ऑनलाइन सोय. रात्री येणाऱ्या निरोपांबद्दल ते शिक्षक ज्या सुरात बोलले, तो सूर गुरुजींनी लगेच ओळखला. पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप!

जेवण सगळ्यांना फुकट, १९४८ पासून. त्या दिवशी गुरुवार होता, म्हणजे वाटाण्याचं दाट सूप. पोरं आपल्या हाताने वाढून घेत होती, उष्टं खरवडून बादलीत टाकत होती. गुरुजींनी सवयीने इकडेतिकडे चव रजिस्टर शोधलं.

खरे रमले ते हस्तकलेच्या खोलीत. हा विषय तिथे १८६६ पासून सक्तीचा आहे, तिथल्या प्राथमिक शाळांचे जनक उनो सिग्नेयस यांच्या कृपेने. सातवीतला एक दांडगा मुलगा जिभेचं टोक बाहेर काढून शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवत होता. तीनदा हुकला. बाई शेजारीच होत्या, पण हात पुढे केला नाही. पलीकडे दोघी मुली ड्रिलने फळीला भोकं पाडत होत्या.

शिक्षक-खोलीत कॉफी आली, आणि मग चित्र फिरलं. २००६ नंतर 'पिसा'त फिनलंडचे गुण घसरतच चाललेत, २०२२ मध्ये तर गणित फारच उतरलं. आता तिथले लोक समुद्रापलीकडच्या एस्टोनियाकडे बघतात. (आपण बोलूच नये. २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेशला उतरवलं, दोघे शेवटून दुसरे-तिसरे आले, त्यानंतर भारत त्या चाचणीकडे फिरकलेला नाही.) पण भारताचा हा निकाल त्या मंडळींच्या गावी नव्हता. "भारतात मुलं तोंडी हिशेब करतात म्हणे, कसे?" गणिताच्या बाईंनी वहीच उघडली. कोणीतरी पाहुण्यापुढे सल्मियाक्कीची काळी गोळी ठेवली. ज्येष्ठमधात नवसागर घातलेली ही तिथली लाडकी मिठाई. गुरुजींना नवसागर फक्त कल्हईवाल्याकडचा ठाऊक होता. तोंड वाकडं न करता त्यांनी पावकी, निमकी, दिडकी म्हणून दाखवली आणि मग औटकी काढली, साडेतीनचा पाढा.

"साडेतीन साते?"

"साडेचोवीस."

वर्गात मोबाइलवर ऑगस्ट २०२५ पासून कायद्याने निर्बंध आहेत. शिक्षक-खोलीत नाहीत. बाईंनी फोन काढून उत्तर तपासलं.