चुकावं, पण चारचौघांसारखं

केव्हिन ड्युरंटला तो बार एकदाही उचलता आला नाही. २००७ मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टआधी होतकरू खेळाडूंची शारीरिक चाचणी झाली. बाकावर उताणं पडायचं, १८५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८४ किलोंचा बार छातीवरून वर ढकलायचा आणि किती वेळा जमलं ते लिहून घ्यायचं. ड्युरंटच्या नावापुढे शून्य लागलं. तज्ज्ञांच्या कपाळावर आठ्या पडल्या. बास्केटबॉलच्या चेंडूचं वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास असतं, याची त्या वेळी कुणाला आठवण झाली नाही. तज्ज्ञ मंडळी किलोंत विचार करत होती, ग्रॅमचा हिशेब त्यांच्या शानेत बसत नव्हता.

पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सच्या हाती त्या वर्षी पहिल्या क्रमांकाची निवड लागली होती. एका बाजूला ग्रेग ओडन होता. सात फूट उंच, ओहायो स्टेट विद्यापीठाला थेट अंतिम सामन्यापर्यंत नेणारा, उजवं मनगट दुखावलं म्हणून डाव्या हाताने फ्री थ्रो टाकणारा. दुसऱ्या बाजूला टेक्सासचा ड्युरंट. कॉलेजच्या पहिल्याच वर्षात देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचे मान पटकावलेला, पण अंगाने काडीपैलवान. अमेरिकाभर वाद पेटला, आणि बहुतेक जाणकारांनी कौल दिला: ओडन. सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंचापुरा गडी, मिळत असताना दुसरं काही घेतं का कोणी?

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात नियम. हंगामभर ज्यांनी सपाटून मार खाल्ला, ते संघ नव्या पोरांमधून आधी निवड करतात. हरणाऱ्याला बक्षीस आहे म्हटल्यावर काही संघ मन लावून हरू लागल्याचा संशय आला, म्हणून १९८५ पासून लॉटरी सुरू झाली. आता यंत्रात १४ चेंडू घुसळतात, त्यातले चार बाहेर काढतात. चारचारच्या अशा १,००१ चौकड्या होतात आणि त्यातल्या १,००० चौकड्या संघांना आधीच वाटून दिलेल्या असतात. नशिबाला इतकी कडक शिस्त जगात दुसरीकडे कुठे लावली जात नसेल. शिस्त तेवढ्यापुरतीच. ‘आता घ्यायचं कुणाला?’ हा प्रश्न पुढे आला की प्रत्येकाच्या तोंडाचा पट्टा सुटतो आणि वादाचे तीन-चार पंथ पडतात.

पहिला पंथ मापवाद्यांचा. यांच्याकडे टेप असते. उंची बुटांसह आणि बुटांशिवाय, दोन्ही हातांचा पसारा, जागेवरून मारलेली उडी आणि धावत येऊन मारलेली उडी, सगळं मोजून छत्तीस गुण जुळवले जातात. पोरगा खेळतो कसा, हा प्रश्न अखेरीस वेळ उरला तर घेतात. ओडन या पंथाचा आदर्श होता. पंथाची अडचण एवढीच की गुडघा आतून मोजता येत नाही. त्याच सप्टेंबरात ओडनच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पहिला हंगाम संपूर्ण गेला. पुढेही दुखापती सुटल्या नाहीत. एनबीएच्या एका हंगामात संघ ८२ सामने खेळतो. ओडन पोर्टलंडसाठी सगळे हंगाम मिळून ८२ सामने खेळला. आकड्यांची आवड असलेल्यांना यातली नेमकी सफाई नाकारता येणार नाही.

ड्युरंट दुसऱ्या क्रमांकावर सिॲटलला गेला. पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला, २०१४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, पुढे गोल्डन स्टेटकडून दोन अजिंक्यपदं घेऊन मोकळा झाला. मग सिॲटलकर सुखी झाले असतील, असं कोणाला वाटेल. पण त्याच्या पहिल्या हंगामानंतर अख्खा संघच बाडबिस्तरा बांधून ओक्लाहोमा सिटीला गेला. पोर्टलंडची निवड फसली आणि संघ राहिला, सिॲटलची निवड साधली आणि संघच गेला. यातून काय बोध घ्यायचा, हे आजवर एकाही तज्ज्ञाने आम्हाला समजावलेलं नाही.

दुसरा पंथ गरजवाद्यांचा. पोरगा कितीही गुणी असो, आपल्याकडे त्या जागी माणूस आहे ना, मग तो नको. या पंथाची काशीसुद्धा पोर्टलंडच. वर्ष १९८४. तेव्हा लॉटरी नव्हती, पहिल्या दोन क्रमांकांसाठी नाणं उडवत. नाणं ह्यूस्टनच्या बाजूने पडलं आणि त्यांनी हकीम ओलाजुवान घेतला. दुसऱ्या क्रमांकावरच्या पोर्टलंडकडे क्लाइड ड्रेक्सलर हा उमदा गार्ड आदल्याच वर्षी आला होता. आणखी एक गार्ड घेऊन काय त्याचं लोणचं घालायचं? हवा होता उंच सेंटर. म्हणून त्यांनी केंटकीचा सात फुटांहून उंच सॅम बोवी घेतला. पायाच्या दुखण्यापायी त्याचे कॉलेजातले दोन हंगाम वाया गेले होते, म्हणून संघाच्या डॉक्टरांनी त्याला कसून तपासलं. नडगीवर हातोडी ठोकून दुखतंय का विचारलं. ‘नाही,’ तो म्हणाला. दुखत होतं, हे त्याने २०१२ मधल्या एका माहितीपटात सांगितलं. म्हणजे तपासणी काटेकोर होती, उत्तर तेवढं चुकलं.

तिसऱ्या क्रमांकावर जो गार्ड उरला त्याचं नाव मायकेल जॉर्डन.

पोर्टलंडला हसणं आता सोपं आहे. पण त्या वेळी हसत कोण होतं? खुद्द जॉर्डनला घेणाऱ्या शिकागोचे जनरल मॅनेजर रॉड थॉर्न यांनीही, हा सात फुटी असता तर बरं झालं असतं, पण सेंटर शिल्लकच नव्हता, अशी खंत बोलून दाखवली होती. हिरा हातात आल्यावर त्याची लांबी कमी भरली म्हणून चुकचुकणारा हा प्रामाणिक माणूस मापवाद्यांच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिला जायला हवा. आणि जॉर्डनला सोडलं तर ह्यूस्टननेही होतं. पण ओलाजुवानने १९९४ आणि १९९५ ची अजिंक्यपदं दिल्यामुळे ह्यूस्टनच्या नावाने कोणी बोटं मोडत नाही. ड्राफ्टमधला गुन्हा केल्याच्या दिवशी घडत नाही, तो पुढे दहा-बारा वर्षांनी दाखल होतो.

बोवीच्या हिशेबाला एक शेपूट आहे. १९८९ मध्ये पोर्टलंडने त्याला न्यू जर्सीला देऊन बक विल्यम्स घेतला आणि त्याच्या बळावर १९९० व १९९२ मध्ये अंतिम फेरी गाठली. म्हणजे बोवी वाया गेला नव्हता, वळसा घालून उपयोगी पडला. १९९२ च्या अंतिम फेरीत त्यांना हरवलं कोणी, हे वाचकांनी ओळखलं असेलच. जॉर्डनने पहिल्याच सामन्याच्या पूर्वार्धात सहा तीन-गुणी बास्केट टाकले आणि खांदे उडवले. पोर्टलंडकडे ड्रेक्सलर होता. गरज नव्हतीच मुळी.

तिसरा पंथ भविष्यवाद्यांचा. यांना आजचा खेळ दिसत नाही, पाच वर्षांनंतरचा दिसतो. २००१ मध्ये वॉशिंग्टनने पहिल्या क्रमांकावर शाळेतून थेट आलेला क्वामे ब्राउन उचलला. शाळकरी पोराला पहिला नंबर मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्याच्यात काय काय दडलं आहे याची मोठी यादी होती, आणि त्यातलं बरंचसं शेवटपर्यंत दडलेलंच राहिलं. त्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर स्पेनचा पाउ गसोल गेला, अठ्ठाविसाव्यावर टोनी पार्कर. पुढे २००८ मध्ये लेकर्सनी गसोलला आणलं, तेव्हा बदल्यात गेलेल्या ऐवजात क्वामे ब्राउनही होता. गसोलने लेकर्सना दोन अजिंक्यपदं मिळवून दिली. आता वॉशिंग्टनमध्ये ही निवड करणारा खुर्चीतला माणूस कोण होता? मायकेल जॉर्डन. ज्याला ओळखण्यात जग चुकलं, त्याच्यावर दुसऱ्याला ओळखण्याची पाळी आली आणि तोही रीतसर चुकला. खेळता येणं वेगळं आणि खेळणारा ओळखता येणं वेगळं, हे इतक्या उंचीवरून क्वचितच कोणी दाखवून दिलं असेल.

चौथा पंथ सर्वांत रोचक: पाहूनही न पाहणाऱ्यांचा. २०१८. लुका डोन्चिच एकोणीस वर्षांचा. रिअल माद्रिदकडून युरोलीग जिंकलेला, त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. प्रौढ पुरुषांना हरवून आलेलं पोर. आक्षेप काय, तर पळण्यात वेग नाही आणि उडी बेताची. पहिल्या क्रमांकावरच्या फीनिक्सचे नवे प्रशिक्षक इगोर कोकोश्कोव्ह यांनीच आदल्या वर्षी स्लोव्हेनियाला युरोपचं अजिंक्यपद मिळवून दिलं होतं, त्या संघात डोन्चिच होता. फीनिक्सने डिआंद्रे एटन घेतला. दुसऱ्या क्रमांकावर सॅक्रामेंटो. तिथले जनरल मॅनेजर व्लादे दिवाच हे स्वतः सर्बियाचे, युरोपातून येऊन एनबीएत नाव काढलेले. आणि संघमालक विवेक रणदिवे, जन्माने मुंबईकर. आता तरी शहाणपण जिंकेल, अशा आशेने कोणा मराठी वाचकाची छाती फुगली असेल तर ती वेळीच खाली घ्यावी. सॅक्रामेंटोने मार्विन बॅग्ली घेतला. मराठी आडनावाने ड्राफ्टमध्ये काही फरक पडत नाही, हे त्या दिवशी सप्रमाण सिद्ध झालं. डोन्चिच तिसऱ्या क्रमांकावर अटलांटाकडे गेला आणि त्यांनी त्याच दिवशी तो डॅलसला देऊन टाकला.

डॅलसची गोष्ट मात्र ज्यांचा न्यायावर विश्वास आहे त्यांनी वाचू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी याच डोन्चिचला लेकर्सकडे पाठवलं. जनरल मॅनेजरला काढा, अशा घोषणांनी स्टेडियम दुमदुमलं. तीन महिन्यांनी लॉटरी झाली. डॅलसला पहिला नंबर मिळण्याची शक्यता १.८ टक्के होती. मिळाला. आणि त्या वर्षी कूपर फ्लॅगसारखा सर्वमान्य पोरगा समोर असल्यामुळे वाद घालायचीही सोय उरली नाही. इतके तज्ज्ञ एका दमात बेकार झाल्याचं दुसरं उदाहरण आम्हाला आठवत नाही.

इतकी उदाहरणं पाहिल्यावर वाटतं की हा वाद खेळाडूबद्दल कधी नव्हताच. निवड करणाऱ्याला आतून एकच चिंता असते: उद्या हे फसलं तर मी काय सांगू? ओडन फसला, तर सांगता येतं, ‘सगळेच म्हणत होते.’ बोवी फसला, तर ‘सेंटरची गरज होती.’ ड्युरंट घेऊन फसला असता तर काय सांगणार होते? ८४ किलोंचा बार न उचलणारा पोरगा तुम्ही डोळे उघडे ठेवून घेतलात? नोकरी गेलीच समजा. म्हणून पहिल्या क्रमांकावर बहुधा सर्वोत्तम खेळाडू निवडला जात नाही, सर्वोत्तम सबब निवडली जाते. एकट्याने बरोबर ठरण्यात जोखीम आहे, सगळ्यांबरोबर चुकण्यात पेन्शन आहे.

ही सबब जिथे लागत नाही, तिथे बघा काय होतं. २०१४ मध्ये सर्बियाचा निकोला योकिच डेन्व्हरने एकेचाळिसाव्या क्रमांकावर घेतला. इतक्या खाली कोणाची नोकरी पणाला लागलेली नसते. त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा टीव्हीवर खाद्यपदार्थांची जाहिरात चालू होती आणि तो स्वतः सर्बियात झोपला होता. पुढे तो तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये डेन्व्हरला अजिंक्यपद मिळालं. निवडणाऱ्यांवर कोणाचं लक्ष नव्हतं, हाच त्या निवडीतला मोठा गुण.

या सबबीचं बिल फाटतं ते पोराच्या नावाने. सॅम बोवी दहा हंगाम एनबीएत खेळला. पाय मोडत आणि जोडत खेळला. जगातल्या कोणत्याही मैदानावर एवढं केलेल्या माणसाला लोक यशस्वी म्हणतील. त्याच्या नावापुढे मात्र कायम एकच ओळख: जॉर्डनच्या आधी घेतलेला. त्याने स्वतःला निवडलं नव्हतं. पण निवडणाऱ्यांची नावं आज किती जणांना आठवतात?

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच, एकाही पोराने एनबीएचा एकही सामना खेळण्याआधी, तज्ज्ञ सगळ्या संघांना शाळेसारख्या श्रेणी देऊन मोकळे होतात. अ, ब, क. त्या श्रेणी पाच वर्षांनी कोणी तपासत नाही. आमची एक नम्र सूचना आहे. खेळाडूंप्रमाणे तज्ज्ञांचाही दरवर्षी ड्राफ्ट घ्यावा. ज्याचे अंदाज सर्वांत जास्त चुकले, त्याला पुढच्या जूनमध्ये सर्वांत आधी बोलू द्यावं. सूचना एनबीएला पाठवायला निघालो होतो, पण टीव्हीवरच्या चर्चा नीट पाहिल्यावर ध्यानात आलं की ही पद्धत केव्हाच लागू झाली आहे.