आमचा टायगर काही करत नाही
पाळीव कुत्रा मोकाट सुटला तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ मालकाचे दार ठोठावते. ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १८६० च्या दंड संहितेत दंडाची मर्यादा एक हजार होती; महागाई इथेही पोचली, फक्त दीडशेहून अधिक वर्षे घेऊन. ‘आमचा टायगर काही करत नाही’ हा बचाव कलमात नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये मात्र तो सर्रास चालतो, आणि पोटरी धरून बसलेल्यालाच ‘तुम्ही घाबरलात म्हणून’ असे सुनावले जाते. टायगरला आरोपी करण्याची सोय कायद्यात नाही.