'पॉट' म्हणणाऱ्यांबद्दल

पॉट-लिमिट ओमाहामध्ये एका वेळी जास्तीत जास्त पॉटाइतकीच बेट लावता येते. ही कमाल मर्यादा आहे. मुद्दाम लिहावं लागतं, कारण पणजीला मांडवीतल्या कसिनोच्या बोटींवर जे सज्जन माझ्या शेजारी बसतात, त्यांच्या मते ती किमान आहे. पत्ते उचलायच्या आत त्यांच्या तोंडून 'पॉट' निघतं. ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी आली. तोवर ही मंडळी निदान दिसत नव्हती.

हिशोब करायला डीलर आहेच. पॉटात १,०००, समोरच्याने ५०० लावले. आधी ५०० कॉल, झाले २,०००, त्यावर २,००० रेज, एकूण २,५०० पुढे सरकवा. तो हे सांगत असतो तेव्हा साहेब फोनवर. मग विचारतात, "किती म्हणालास?"

१,०००च्या पॉटात फ्लॉपवर पॉट लावला आणि एकाने कॉल केला की ३,००० होतात. टर्नला तसंच केलं की ९,०००, रिव्हरला २७,०००. म्हणजे फ्लॉपवरच पुढच्या दोन बेटांचाही विचार हवा. साहेबांचा विचार जेवणाचा चालू असतो.

दोन एक्के आले की तर विचारूच नका. सोबत सत्ती आणि दुर्री, चारही पत्ते चार रंगांचे, तरी पॉट. समोर दश्शी-नव्वी-अठ्ठी-सत्ती असेल आणि त्यात दोन-दोन पत्ते एका रंगाचे, तर ते शंभरातून चाळीसहून जास्त वेळा एक्क्यांना लोळवतात. चिप्स थोड्या असतील तर फ्लॉपआधीच सगळं आत घालणं ठीक. ढीग मोठा असेल तर आपल्याकडे एक्के आहेत एवढी दवंडी पिटून होते.

फ्लॉपवर सत्ती-अठ्ठी-नव्वी, त्यात दोन बदाम. तुमच्याकडे गुलाम-दश्शी: सर्वांत मोठा स्ट्रेट. बाकी दोन पत्ते कुचकामी. समोरच्याकडेही गुलाम-दश्शी, आणि वर दोन बदाम. आता तुम्हाला फार तर अर्धा पॉट मिळणार. बदाम आलं तर त्याला अख्खा. मोठी बेट त्याने लावायची असते. लावता तुम्ही.

पण खरी जखम वेगळीच आहे. ओमाहात हातातले दोनच पत्ते धरायचे, कमी नाही, जास्त नाही. टेबलावर तीन बदाम, साहेबांच्या हातात एकटा बदाम एक्का. आपला फ्लश झाला असं समजून ते पॉट लावतात. सर्वांत मोठा फ्लश यांच्याकडेच, असं वाटून राजावाला आपला फ्लश टाकून देतो. ही चाल जाणकार मुद्दाम, समोरचा माणूस पारखून खेळतात. साहेबांना ती नियम ठाऊक नसल्याने जमते, आणि वर ते पत्ते उघडून "फ्लश!" म्हणून दाखवतात.

तेव्हा एवढीच विनंती: 'पॉट' म्हणण्याआधी चारातले कोणते दोन पत्ते वापरतोय ते मनात मोजा. मोजताना ओठ हलले तरी चालतील, आम्ही दुसरीकडे बघू.