फॉरेस्ट व्ह्यू, बिबट्या वगळून

बोरिवली, मुलुंड, ठाणे. कुठल्याही नव्या टॉवरची जाहिरात उघडा. जिम, स्विमिंग पूल, पोडियम पार्किंग आणि 'फॉरेस्ट व्ह्यू'. बाकीचं सगळं बिल्डरला निदान बांधावं तरी लागतं. जंगल सरकारी, सांभाळतं वनखातं, आणि पैसे घेतो बिल्डर.

तेही चौरस फुटाच्या भावाने.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध पसरलेलं सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात बिबट्यांसकट राष्ट्रीय उद्यान? नैरोबी सोडलं तर दुसरं नाव पटकन आठवत नाही. मुंबईच्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोन इथलेच. दर पावसाळ्यात ते भरून वाहिले की आपण फोटो फॉरवर्ड करतो. ते पाणी तिथे अडवून ठेवणारं जंगल त्या फोटोत मागे कुठेतरी असतं.

कान्हेरीला गेला असालच. शाळेच्या सहलीत सगळे जातात. शंभरावर लेणी, आणि त्यांच्या आजूबाजूला कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी. पावसाचं पाणी पन्हळीतून पोढीत उतरवायचं तंत्र भिक्षूंना दोन हजार वर्षांपूर्वी जमलं होतं.

आपल्या सोसायटीला ते भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंतच जमतं.

तिथल्या माकडांनाही विसरू नका. 'माकडांना खायला घालू नये' अशी पाटी असते. तिच्याच खाली एक सद्गृहस्थ नातवाच्या हातातलं वेफर्सचं पाकीट माकडापुढे धरून उभे असतात. मग माकड आख्खी पिशवीच पळवतं आणि सद्गृहस्थ विचारतात, "इथे वनखात्याचं कोणी लक्ष देत नाही का?"

आता मुख्य पाहुण्यांकडे वळू. 2015 साली कॅमेरे लावून मोजणी झाली, तेव्हा इथे 35 बिबटे निघाले. पुढे आकडा पन्नाशीपार गेला. आतल्या जंगलात चितळ आहे, सांबर आहे. मग बिबट्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये कशाला येतो? व्ह्यू बघायला?

तो कुत्र्यासाठी येतो. कुत्रा येतो कचऱ्यासाठी. आणि कचरा कोणाचा, हे तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. इथल्या बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात कुत्र्याचं प्रमाण चांगलंच भरलं होतं. म्हणजे आपण मागच्या भिंतीपलीकडे पिशव्या टाकायच्या, भिंतीअलीकडे कुत्र्यांना बिस्किटं घालायची आणि सीसीटीव्हीत बिबट्या दिसला की ग्रुपवर लिहायचं, "वनखातं झोपलंय का?"

लगेच मागणी होते पिंजऱ्याची.

पिंजरा लावा, धरा, लांब नेऊन सोडा. हा प्रयोग उलट दिशेने करून झालाय. बाहेर पकडलेले बिबटे याच जंगलात आणून सोडण्याचा उद्योग एकेकाळी चालायचा, आणि 2002 ते 2004 या काळात इथल्या हल्ल्यांनी कहर केला. इथला बिबट्या उचलला तरी तेच. जागा रिकामी झाली की दुसरा येतो, बहुधा तरणा आणि जास्त बिथरलेला. 2011 पासून वनखातं आणि अभ्यासक घसा कोरडा करून सांगतायत: कचरा उचला, रात्री मुलांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका. फुकटचा सल्ला असल्यामुळे तो कोणी घेत नाही.

आणि एक. बिबट्या दिसतो टॉवरच्या कॅमेऱ्यात, पण जीव जातो तो बहुतेक वेळा जंगलातल्या पाड्यावरच्या पोराचा. नळ नाही, दिवा नाही, उघड्यावर जावं लागतं, ही त्याची चूक. तरीही तिथले वारली वाघोबाला नारळ वाढवतात. टॉवरमधले मेणबत्ती मोर्चा काढतात.

अतिक्रमणाचंही तसंच. जंगलातल्या झोपड्या हटवा, असा आदेश उच्च न्यायालयाने 1997 साली दिला. काहींना चांदिवलीत घरं मिळाली, बाकीच्यांचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. भिंतीच्या आत झोपडी असेल तर अतिक्रमण. भिंतीला टेकून चाळीस मजले असतील तर निसर्गाचं सान्निध्य.

2016 साली उद्यानाभोवती इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला. काही ठिकाणी त्याची रुंदी चार किलोमीटर, काही ठिकाणी शंभर मीटर. शंभर मीटर म्हणजे सोसायटीच्या गेटपासून पानाच्या टपरीपर्यंत.

शेजारच्या आरेची गोष्ट तर ताजीच आहे. 4 ऑक्टोबर 2019, शुक्रवार. उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालू झाल्या. सोमवारी सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा सरकारने सांगितलं की हवी होती तेवढी झाडं तोडून झाली आहेत. दोन हजारांहून जास्त. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं कोण म्हणतं?

आता उद्यानाच्या खालून बोगदे निघालेत. एक गोरेगाव-मुलुंड, दुसरा बोरिवली-ठाणे, दहा किलोमीटरहून लांब. घोडबंदरच्या कोंडीत तासन्‌तास अडकणाऱ्याला बोगदा हवाच, त्यात त्याचं काही चुकत नाही. शिवाय सगळं जमिनीखालून, जंगलाला धक्काही लागणार नाही, असं सांगतात. फक्त बोगद्याला तोंडं असतात.

आणि तोंडाशी झाडं असतात.

मधल्या मधे वनराणीचं नशीब बघा. उद्यानातली ही पोरांची लाडकी छोटी गाडी 2021 च्या तौक्ते वादळाने बंद पाडली, ती पुढे कित्येक वर्षं रुळावर आली नाही. डोंगराखालून दहा किलोमीटर बोगदा काढण्याची हिंमत आपल्यात आहे. खेळण्यातली गाडी मात्र फाइलीत अडकते.

तर फॉरेस्ट व्ह्यूवाल्यांनो, सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये बिबट्याचा विषय जरूर घ्या. पण त्याआधी मागच्या भिंतीपलीकडच्या कचऱ्याचा घ्या. कोरम भरला तर.