डिसेंबरातली आजी

नगरच्या मराठी ख्रिस्ती घरांत एक आजी असते. अकरा महिने तिचं सगळं चारचौघींसारखं चालतं. गुडघे दुखतात, चष्मा सापडत नाही, सकाळी अंगणात ऊन खात बसते. दिवाळी सरून शेजारचे आकाशकंदील उतरले, की मात्र तिच्या अंगात वारं भरतं. गुडघे बरे होतात. ती घरातल्या सगळ्यांना कामं वाटून देते आणि शेवटी सगळी स्वतःच करते, कारण "तुम्हाला जमणार नाही, हे मला ठाऊकच होतं."

आमची आजी ह्याच जातकुळीतली.

नाताळ म्हटल्यावर ज्यांना बर्फ आणि लाल टोपीवाला म्हातारा आठवतो, त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात डोकवायला हवं होतं. करंज्या, शेव, चकल्या, शंकरपाळी, रव्याचे लाडू. कोणी म्हणालं, "ही तर दिवाळीच, दीड-दोन महिने उशिरा," तर आजीला राग येई. तिच्या मते शेजारीपाजारी दिवाळीत करतात ती रंगीत तालीम. डब्यांच्या तळाशी घालायला रोजचा पेपर असे. 'ज्ञानोदया'च्या अंकाला मात्र तेलकट हात लागलेला तिला खपत नसे. १८४२ साली नगरात सुरू झालेलं मासिक शंकरपाळ्यांखाली जाणं म्हणजे तिच्या लेखी पापच.

दिवाळीत शेजारून फराळाची ताटं येत. ताट रिकामं परत करायचं नाही हा नियम, आणि आमचा सण डिसेंबरात. त्यामुळे शेजाऱ्यांची स्टीलची ताटं, त्यांच्या सासू-सासऱ्यांची नावं कोरलेली, नाताळपर्यंत आमच्या मांडणीवर मुक्कामाला असत. मधेच पाहुणे आले, तर शेजारच्या काकू स्वतःचंच ताट उसनं मागायला आमच्याकडे येत आणि जेवणं झाल्यावर घासूनपुसून परत आणून देत. ह्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. हिशेब आजीच्या तोंडपाठ. "त्यांच्या चकलीला काटा नव्हता, पण अनारसे डझनभर होते. आपल्या करंज्या पंधरा गेल्या पाहिजेत." पंधरा का, तर बरोबरी नको, वरचढ हवं.

केक घरी होत नसे. मैदा, साखर, तूप, अंडी, टुटीफ्रुटी घरून न्यायची आणि बेकरीच्या भट्टीत मजुरी देऊन भाजून आणायचा. बेकरीवाला आणि आजी ह्यांच्यात फार जुना, परस्पर आदराचा अविश्वास होता. ती स्टूल ओढून त्याच्या परातीसमोरच बसे. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडायचं, तिने वास घ्यायचा, मग ते घाण्यात. तो घाम गाळत तूप-साखर फेसायचा. आजी बोटावर थोडं घेऊन अंगठ्याने चोळून बघायची. "अजून कण लागतोय." तो बिचारा पुन्हा हात चालवायचा. डब्यांना चिठ्ठी लावली तर ती भट्टीत जळते, म्हणून तिने खिळ्याने बुडाशी नाव कोरून ठेवलं होतं. डबे बाहेर आले की तो म्हणे, "आजी, तुमचेच आहेत." ती पदराने धरून प्रत्येक डबा वर करून बूड वाचायची, आणि नाव सापडल्यावर किंचित निराश व्हायची.

आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनचं. हे मिशनरी १८३१ साली नगरला आले आणि देऊळ, शाळा, दवाखान्याबरोबर दारूची भीतीही मागे ठेवून गेले. प्रभुभोजनालासुद्धा आमच्याकडे द्राक्षरस. अशा घरात धाकटी काकू आली ती वसईची, कॅथलिक. पहिल्याच नाताळला तिच्या माहेरून काळाभोर केक आला. आजीने एक तुकडा खाल्ला. थोड्या वेळाने दुसरा. मग कोणाचं लक्ष नाहीसं बघून तिसरा.

"मनुका चांगल्या फुगल्यात गं. कशात भिजवतात तुझ्या आई?"

काकूने क्षणभर काकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काळ्या चहात."

पुढची काही वर्षं आजी मनुका काळ्या चहात भिजवत राहिली. तशी चव येईना, म्हणून चहाची पावडर बदलली. वसईच्या पाण्यातच काहीतरी आहे, असं तिचं शेवटी ठाम मत झालं. त्या पाण्याचं खरं नाव आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तो केक यायचा बंद झाला असता, आणि एवढी किंमत द्यायची घरात कोणाचीच तयारी नव्हती.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव आजी नात्यातल्या दिरासारखं घेई. टिळक १९१९ साली वारले आणि आजी त्यानंतर जन्मली, हा तपशील आड येत नसे. 'उपासना संगीता'तली त्यांची गाणी तिला पुस्तकाविना येत. नाताळच्या आधी रात्री-अपरात्री कॅरल पार्टी दारोदार फिरे. पेटी, ढोलकी, टाळ, आणि मागे झोपेत चालणारी लहान मुलं. एका वर्षी पोरांनी टिळकांच्या गाण्याला गिटार लावली. आजीने आतून सगळं गाणं ऐकून घेतलं, मग दार उघडलं, एकाच्या हातातला टाळ घेतला आणि म्हणाली, "हं, आता पहिल्यापासून म्हणा." गिटारवाल्यासकट सगळ्यांनी म्हटलं. चहा त्यानंतरच मिळाला.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा तर ती शस्त्रासारखा वापर करी. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, हे आजोबांनी वर्षातून एकदा तरी ऐकायचं. प्रसंग बहुधा हा असे: आजोबा चांदणी लावायला शिडीवर चढलेले, वायर अर्धी गुंडाळलेली, आणि आता त्यांना चहा हवासा वाटू लागलेला. "पुरुषांनी सुरुवात करायची, बायकांनी शेवटाला न्यायचं. टिळकांच्या घरीसुद्धा तेच." आजोबा निमूट वायर सोडवायला लागत.

देवळातल्या मुलांच्या नाटिकेवर तिची हुकमत. मेंढपाळांना फेटे आणि खरी घोंगडी, कारण नगर जिल्ह्यात घोंगडीला तोटा नाही. एकदा पाच पोरांना मागी व्हायचं होतं आणि शिक्षिका म्हणत होत्या की मागी तीनच. आजी म्हणाली, "मत्तयाने आकडा कुठे लिहिलाय? दाखवा." पाळकसाहेबांनी पान उघडलं आणि मिटलं. पाच मागी गेले. मागींनी बाळ येशूला नेलेल्या सोनं, ऊद आणि गंधरस ह्यांतला ऊद तेवढा तिला पसंत. बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायला उपयोगी पडतो. "पण अळीव कोणी नेले नाहीत," हे ती दर वर्षी म्हणायची, तेही उपासनेत, पुढच्या बाकावरून.

उपदेश लांबला की ती पर्सचं बटण उघडायची आणि मिटायची. टक. पाळकसाहेबांना तो आवाज पाठ झाला होता, आणि तिसऱ्या टकेला ते हमखास आशीर्वादाकडे वळत. मग देवळाबाहेर प्रत्येकाशी हात मिळवून सलाम. त्यातही कोणाची साडी गेल्या नाताळची आहे, एवढं बघून घेतलं जाई.

नाताळ मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला, की शेजारणींचे उपास असत. आजी महिनाभर आधीच कालनिर्णय बघून ठेवायची. त्यांच्यासाठी अंड्याशिवायचा, दह्यातला केक वेगळ्या डब्यात. हा डबा बेकरीत भट्टीच्या वेगळ्या कोपऱ्यात ठेवायला लावी. ताटं दुपारीच भरून तयार. पण संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या घरचा नैवेद्य होऊन उपास सुटल्याची बातमी येईपर्यंत एकही ताट हलत नसे. आम्ही पोरं निरोप आणायला चारदा पळत जायचो.

संक्रांतीला ह्याच काकू तिळगूळ घेऊन यायच्या, तोही नेमका नाताळला परत केलेल्या त्याच ताटात, मोजून पंधरा लाडू. आजी लाडू डब्यात काढायची आणि ताट हातात घेऊन विचारात पडायची. मग मला हाक मारायची. "अरे, ईस्टर कधी आहे बघ रे. लवकर असला तर बरं."